बाबांची पेटी आणि गाळणीचे माइक : प्रकल्प नोंदी

७ जून २०२५, शनिवार

बाबांची पेटी, म्हणजे हार्मोनियम, नीट रेकॉर्ड करायची हे दोन वर्षं चाललंय. दरवेळी फोन समोर ठेवायचा, बाबांनी अर्धा तास वाजवायचं आणि नंतर ऐकलं की पेटी शेजारच्या बिल्डिंगमध्ये वाजतेय असं वाटतं. आज कारण कळलं. फोनमध्ये आवाज स्वच्छ करायची जी सोय असते ती एकसारखा चालणारा कुठलाही आवाज पंखा समजून दाबते, आणि पेटीचा धरलेला सा म्हणजे तिच्या लेखी पंखाच. बाबा मध्येच "पाणी दे गं" म्हणाले ते एकदम खणखणीत आलंय आणि त्याच्या मागचा सा हळूहळू बुडत गेलाय.

लॉकडाऊनमध्ये घेतलेला दोन चॅनेलचा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) कपाटात पडून आहे, त्याला माइकला वीज द्यायचं ४८ व्होल्टचं बटण आहे. म्हणजे वीज लागणारे कंडेन्सर माइक चालतील. विकत घे की, असं आईने दोनदा सांगून झालं. पण मला हवेत दोन, पेटीला डावं उजवं दोन्ही पाहिजे, आणि बरे दोन घ्यायचे तर पुढच्या महिन्याचा पगार त्यात जाईल. शिवाय खरं सांगायचं तर हात शिवशिवतायत, डिप्लोमा झाल्यापासून सोल्डरिंग आयर्न धरलेलं नाही. बजेट तीन हजार, त्याच्या वर गेले तर आईचं ऐकायचं असं ठरलंय.

८ जून, रविवार

आज नुसतं वाचन. छोट्या इलेक्ट्रेट कॅप्सूल, म्हणजे माइकचा प्रत्यक्ष ऐकणारा भाग, बघतेय, फोनमध्ये हेडसेटमध्ये असतात तसल्या. कंडेन्सर माइकच्या पडद्याला चार्ज लागतो, मोठ्या माइकमध्ये तो बाहेरून देतात, इलेक्ट्रेटमध्ये तो आत कायमचा भरून ठेवलेला असतो. १९६२ साली बेल लॅब्जमध्ये सेसलर आणि वेस्ट या दोघांनी ही पातळ फिल्मची युक्ती काढली, त्यामुळे हा माइक स्वस्त झाला. स्वस्त झाला म्हणून त्याला खेळणं समजतात, पण आता काही कॅप्सूल फारच चांगल्या येतात.

कागदावर बघायचा आकडा एकच, सिग्नल टु नॉइज, म्हणजे ९४ डीबीचा ठरलेला आवाज माइकच्या खरखरीच्या किती वर आहे तो. तो ९४ मधून वजा केला की माइकची स्वतःची खरखर किती ते कळतं. दुकानात दहा पंधरा रुपयाला मिळते त्या कॅप्सूलचा आकडा ६० च्या आसपास, म्हणजे खरखर ३४. पीयूआय ऑडिओची एओएम-५०२४ म्हणून एक आहे, जेमतेम ९.७ मिलिमीटरची, तिचा ८० आहे, म्हणजे १४. चार मागवल्या. कॅप्सूलपेक्षा कुरियर महाग पडत होतं म्हणून ऑफिसमधल्या एकाच्या ऑर्डरीत घुसवल्या.

दोन लागणार असताना चार का? कारण जोडी जुळवायची आहे, आणि एक तरी माझ्या हातून जळणार.

१४ जून, शनिवार

लॅमिंग्टन रोड, मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. डोंबिवलीहून दादर, दादरहून ग्रँट रोड, आणि स्टेशनबाहेर पडल्या पडल्या पाऊस. यंदा मे महिन्यातच आलाय तो, २६ तारखेलाच मुंबईत पोचला, आता काय थांबतोय.

घेतलं ते : एक्सएलआर कनेक्टर (माइकच्या केबलचे, तीन पिनांचे), व्हेरोबोर्ड (भोकांची पट्टी, सर्किट जोडायला), शील्डवाली वायर, ५.१ व्होल्टचे झेनर (व्होल्टेज एका आकड्यावर धरून ठेवणारे), कपॅसिटर, आणि बीसी ५५६ ट्रान्झिस्टर दहा. एफईटी, ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार, तेही घेतले, २एन५४५७. दुकानदार २एसके१७० दाखवत होता, हाच घ्या म्हणाला, पण तो कधीचा बंद झालाय आणि हल्ली त्या नावाने काहीही खपवतात म्हणून नको म्हटलं. बीएफडब्ल्यू१० पण होता, पत्र्याच्या टोपीचा, चार पायांचा. बघून एकदम कॉलेजची लॅब आठवली, त्याच्याच ग्राफसाठी मी सबंध दुपार घालवली होती आणि शेवटी रीडिंग मैत्रिणीचंच उतरवलं होतं.

एक गिगाओहमचा (हजार मेगाओहमचा) रेझिस्टर मात्र कुठेच नाही. नंतर मोठ्या कॅप्सूलचा माइक करायचा झाला तर तो लागेल. चार दुकानं फिरले. शेवटच्या काकांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं, "गिगा? मॅडम, बाईस मेगा तक है, उसके ऊपर कौन लेता है?" ऑनलाइन मागवावा लागेल.

१५ जून, रविवार

घरी येऊन भिंगातून बघितलं तर दहापैकी सहावर ५५८ लिहिलंय. ५५६ ला ६५ व्होल्ट सोसतात, ५५७ ला ४५, ५५८ ला ३०. माझ्या सर्किटमध्ये एमिटर-कलेक्टरमध्ये ३४ च्या आसपास येणार. कदाचित चाललेही असते, पण कदाचितवर मी बाबांचं रेकॉर्डिंग ठेवणार नाही. चार ५५६ आहेत आणि दोन माइकना चारच लागतात, तर देवाची कृपा. (दुकानातच वाचून घ्यायला हवे होते. तिथे छत्री सांभाळत होते.)

२१ जून, शनिवार

कॅप्सूल आल्या. मुगाच्या डाळीपेक्षा थोड्या मोठ्या वाटतात हातात, अर्थात मोठ्या आहेत, पण यातून पेटी येणार यावर आईचा विश्वास नाही.

सर्किट साधंच आहे, स्वस्त चिनी स्टुडिओ माइकमध्येही याचंच भावंड असतं. दोन पीएनपी ट्रान्झिस्टर, एक पिन २ वर एक पिन ३ वर, दोघांचे कलेक्टर एकत्र येऊन झेनरवर, आणि तिथून कॅप्सूलला वीज. म्हणजे इंटरफेसकडून येणारी वीज आणि त्याच्याकडे जाणारा आवाज, दोन्ही त्याच दोन वायरींतून. सिग्नल एकाच ट्रान्झिस्टरला दिलाय, दुसरा नुसता जोडीला उभा आहे, पण दोन्ही वायरींचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा अडथळा) सारखा राहिल्यामुळे केबलमध्ये वाटेत शिरलेला हम दोन्हींत सारखाच शिरतो आणि पुढे वजा होऊन जातो.

४८ व्होल्टच का, याची एक मजेशीर गोष्ट आहे. १९६६ मध्ये नॉयमान कंपनीने नॉर्वेच्या रेडिओसाठी असे माइक केले आणि त्या लोकांच्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती, म्हणून ४८. आज डोंबिवलीत माझ्या टेबलावर पण तेच ४८.

मोजलं : नुसत्या केबलवर ४७.६, माइक लावल्यावर पिन २ ला ३९.१ आणि पिन ३ ला ३९.३. दोन्ही जवळजवळ सारखे म्हणजे ठीक. एक ३९ आणि दुसरा ४७ दाखवत असता तर एक ट्रान्झिस्टर झोपलेला.

२२ जून, रविवार

बॉडीचा दिवस. उघड्या बोर्डवर माइक चालतो, पण रेडिओ स्टेशन, ट्यूबलाइट, शेजाऱ्यांचा मिक्सर सगळंच ऐकू येतं. चहूबाजूंनी धातू पाहिजे आणि तो सगळीकडे एकमेकाला जोडलेला पाहिजे.

पाइप : एसी बसवणाऱ्याकडे उरलेला तांब्याचा, ५/८ इंची, दीड फूट फुकट दिला. आत चौदा एक मिलिमीटर जागा मिळते, बारा मिलिमीटरची व्हेरोबोर्डची पट्टी बरोब्बर सरकते. कॅप्सूल रबरी ग्रोमेटमध्ये बसवून तोंडाशी.

तोंडावर जाळी लावायची होती म्हणून चहाची स्टीलची गाळणी कापली. आणि तिथे अडीच तास गेले. स्टीलला सोल्डर धरतच नाही. आयर्न तापवून तापवून रबर वितळायची वेळ आली, सोल्डरचे मणी जाळीवरून घरंगळत खाली. बाबा बघत होते, म्हणाले, "कल्हईवाला नवसागर टाकायचा बघ." बाबांचा मुद्दा बरोबर आहे, धातू आधी खाऊन साफ करणारं काहीतरी लागतं, पण असलं खारं आंबट काही माझ्या सर्किटच्या जवळपास पण नको, धुतलं नाही तर वर्षभर आतून खात बसेल. संध्याकाळी भांड्यांच्या दुकानातून पितळी गाळणी आणली, एकशेचाळीस रुपये. जाळीचा गोल कापला, पाइपच्या कडेला आयर्न टेकवलं, दोन मिनिटांत जोड. म्हणून लिहून ठेवते : पितळ आणि तांबं, स्टील नको.

२८ जून, शनिवार

पहिला आवाज! हेडफोनमध्ये आधी पाऊस ऐकू आला आणि मी खुश, काय बारीक आवाज टिपतोय म्हणून. खिडकी लावली तरी पाऊस. बाहेर बघितलं तर पाऊस नाहीच. माइकमध्येच श्शsss.

झेनर स्वतः बराच खरखरतो (मोठ्या व्होल्टचे तर जास्तच), ती खरखर गिळायला त्याच्या शेजारी कपॅसिटर असतो. तो होता, पण त्याचा एक पाय ड्राय सोल्डर. वरून चकचकीत, चिमट्याने हलवला तर भोकातल्या भोकात फिरतोय. परत तापवला. पाऊस थांबला.

दुसरा माइक रात्री एक वाजेपर्यंत केला. पहिल्याला चार शनिवार, दुसऱ्याला एक संध्याकाळ.

२९ जून, रविवार

जोडी जुळवली. लॅपटॉपच्या स्पीकरवर एक किलोहर्ट्झचा सूर लावून माइक एकाच जागी, टेबलावर खडूने खूण करून, चारही कॅप्सूल आळीपाळीने. दोन जवळजवळ तंतोतंत सारख्या निघाल्या, तिसरी एक डीबीने कमी, चौथी मी काल उलटी जोडून मारलेली. ती टेबलावर ठेवलीय, आठवण म्हणून.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

बाबा आज तीन तास वाजवणार हे माहीतच होतं. माइक दोन्ही कॅमेऱ्याच्या जुन्या स्टँडला रबरबँडने बांधून पेटीपासून हातभर अंतरावर.

पेटी आली. म्हणजे खरंच आली, खर्ज टेबलातून आल्यासारखा, त्याच पट्टीला खर्जाबरोबर वाजणारा नर सूर वर वेगळा, पट्टी सोडल्यावर सूर जसा मिटतो तो सुद्धा. पण त्याच्याबरोबर बाकीचंही सगळं आलं. साबुदाण्याच्या खिचडीला दाणे कुटण्याचा खलबत्ता, खालच्या मजल्यावरचा कुकर, आणि दर तीन चार मिनिटांनी लोकल. लोकल कानाला ऐकू येत नाही आता, जन्म गेला ट्रॅकशेजारी, पण माइकचा जन्म नाही गेला. तो चाकांचा घरघराट पेटीच्या खर्जाखाली असा काही बसलाय की काढायला गेलं की खर्ज पण जातो.

बाबा ऐकून म्हणाले, "भाता फार ओढतो का गं मी?" वीस वर्षं वाजवतायत, भात्याचा श्वास पहिल्यांदा ऐकला त्यांनी.

१२ जुलै, शनिवार (खरंतर १३ ची पहाट)

पहाटे अडीच. लोकल बंद, तेवढाच दीड दोन तासांचा वेळ मिळतो. आज माइकची खरी खरखर मोजायची होती. दोन्ही माइक लोखंडी कपाटात, वर दोन गोधड्या, दार बंद. शेजारी तुलनेला लॅमिंग्टन रोडची दहा रुपयाची कॅप्सूल, तसल्याच सर्किटवर.

कपाटात फरक स्पष्ट. दहावालीचा श्श ऐकू येतो, महागवालीचा जवळजवळ नाही. मग कपाटाबाहेर काढून हॉलमध्ये ठेवले, पंखा बंद, फ्रिज बंद (आईला सांगू नका), पहाटेची शांतता. आणि फरक निम्म्याहून जास्त गेला. आमचा हॉलच माझ्या माइकपेक्षा जास्त आवाज करतो. रोड कंपनीच्या एनटी१-ए माइकचा आकडा ५ आहे आणि ते वाचून मला पंधरा दिवस कमीपणा वाटत होता. आता नाही वाटत. १४ चा माइक घेऊन मी अशा खोलीत बसलेय जिथे पहाटे अडीचला सुद्धा १४ होत नाही, तर ५ घेऊन काय करणार होते.

फ्रिज परत लावला. लिहून ठेवते नाहीतर विसरेन.

१९ जुलै, शनिवार

गिगाओहम आले, काचेच्या नळीतले, तांदळाच्या दाण्याएवढे. आता मोठा माइक, बाबांच्या गाण्यासाठी. २५ मिलिमीटरची इलेक्ट्रेट कॅप्सूल, एका बाजूनेच ऐकणारी, म्हणजे पेटी कमी आणि गळा जास्त. हिच्यात आत एफईटी नाही, तो बाहेर मी लावायचा.

आणि गिगा कशाला, तर कॅप्सूल म्हणजे साठएक पिकोफॅरडचा कपॅसिटर. त्याच्यासमोर एक गिगा लावला तर खालची मर्यादा, म्हणजे जिच्या खालचा सूर माइकमध्ये येत नाही ती, पावणेतीन हर्ट्झच्या आसपास येते, ती खरं तर गरजेपेक्षा खूपच खाली आहे. पण रेझिस्टर जेवढा मोठा तेवढी त्याची खरखर खाली ढकलली जाते, कानाला लागेल तिथे कमी राहते. मला आधी उलटं वाटायचं, मोठा रेझिस्टर म्हणजे मोठी खरखर.

एफईटी दहापैकी निवडले, त्याचे गेट आणि सोर्स हे दोन पाय जोडून नऊ व्होल्टवर करंट बघितला, १.८ पासून ४.३ मिलिअँपपर्यंत. मधला २.६ चा घेतला. गेट, गिगा आणि कॅप्सूलची तार, हा तिघांचा जोड बोर्डवर करायचाच नाही, हवेत करायचा. बोर्ड सुद्धा एवढ्या ओहमला वायरसारखा वागतो.

बॉडी : बेसिनखालचा ३२ मिलिमीटरचा पितळी पाइप आणि वर दोन पितळी गाळण्या तोंडाला तोंड लावून. दांडे कापले. दिसायला मोठा खुळखुळा. टिचकी मारली की टण्ण वाजायचा म्हणून पाइपला आतून एम-सील थापलं, आता थड् वाजतो.

आई : "आणि घरात चहा कशाने गाळायचा?" नवीन गाळणी आणणे.

२६ जुलै, शनिवार

मोठा माइक बिघडला. मंगळवारपासून फुटाणे फुटतायत आत. आधी अधूनमधून टप्, मग टप् टप् टप्, आणि कालपासून बाबांचा आवाज फोनवर बोलल्यासारखा पातळ.

दोन्हीचं कारण एकच असणार, पाणी. हवेत इतकी ओल आहे की पापड मऊ पडतायत, काड्यापेटी ओढत नाही, आणि मी तिथे एक गिगा सांभाळायला बघतेय. त्या जोडावर ओलीचा पातळ थर बसला आणि गिगाऐवजी समजा वीस मेगा उरले, तर मर्यादा पावणेतीन हर्ट्झवरून एकशेतीसच्या वर जाते. म्हणजे बाबांचा अख्खा खर्ज गेला.

पण हवेत केलेला जोड इतका का गळतोय? मी तर तो साफ पण केला होता.

कशाने साफ केला होता, ते रात्री अकराला आठवलं. कोविडच्या वेळचा सॅनिटायझर. संपत नव्हता म्हणून. त्यात हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन घालतात आणि ग्लिसरीनचं काम काय, तर ओल धरून ठेवणं. मी स्वतःच्या हाताने गिगाओहमच्या जोडाला मॉइश्चरायझर लावलं होतं.

२ ऑगस्ट, शनिवार

शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. जुन्या मऊ टूथब्रशने तीनदा धुतलं, काचेच्या रेझिस्टरला बोट न लावता (घामाचा ठसा पण गळतो), हेअर ड्रायरने लांबून वीस मिनिटं कोमट हवा. फुटाणे बंद. खर्ज परत.

आणि राहण्याची सोय : माइक आता स्टीलच्या उभ्या डब्यात, तळाशी निळी सिलिका जेल फडक्याच्या पुरचुंडीत. गुलाबी झाली की कढईत मंद आचेवर भाजायची, परत निळी होते. (कढई वेगळी ठेवलीय, आई शप्पथ.) गावी काका कॅमेऱ्याच्या कपाटात बारीक बल्ब चोवीस तास लावून ठेवायचे बुरशी येऊ नये म्हणून, त्याचं मी लहानपणी हसायचे.

छोट्या दोघांना काही झालं नाही. त्यांचा गिगाचा कारभार कॅनच्या, म्हणजे कॅप्सूलच्या धातूच्या डबीच्या, आत बंद आहे. पावसाळ्यात कुणी पहिला माइक करत असेल तर छोटाच करावा, हे मी आता छातीठोक सांगते.

१० ऑगस्ट, रविवार

जागा शोधणे. यावर अख्खा रविवार गेला आणि सगळ्यात जास्त फरक यानेच पडला, सोल्डरिंगने नाही.

भात्याच्या बाजूला, म्हणजे श्रोता बसतो तिथे, खाली : फुस्स फुस्स. वारा सरळ माइकवर.
पट्ट्यांच्या वर जवळ : सूर छान पण पट्ट्यांची खटखट आणि बाबांची अंगठी.
हातभर अंतर बाजूला : एक कान सगळा खर्ज, दुसरा कान सगळी टीप. पेटी सहा फूट रुंद झाल्यासारखी.

शेवटी चाललं ते असं. दोन्ही माइक पेटीच्या झाकणाच्या वर तीन फुटांवर, एकमेकांपासून चाळीस सेंटिमीटर, जरा श्रोत्याच्या बाजूला सरकवून खाली बघणारे. वारा खालून निघून जातो, खटखट लाकडाआड राहते. या छोट्या कॅप्सूल सगळीकडून सारखंच ऐकतात, त्यामुळे जवळ आल्यावर खर्ज फुगणं वगैरे भानगड नाही, पण खोली पण सगळी येते. म्हणून समोरच्या भिंतीला दोरी बांधून गाद्यांवरच्या जाड चादरी टाकल्या, दोन पदरी. घर धोबीघाट झालंय.

बाबा फॉर्मात होते. त्यांची आवडती तक्रार, की १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत उठली नाही, का तर म्हणे पेटीला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही. "आणि तू आता तिच्यासाठी गाळण्या फोडतेयस."

१९ ऑगस्ट, मंगळवार

काल रात्रीपासून धो धो. लोकल बोंबलल्या, ऑफिसने घरूनच करा म्हटलं. कामाच्या मधे मधे मोठा माइक डब्यातून काढून मुद्दाम खिडकीजवळ चार तास चालू ठेवला. एकही फुटाणा नाही. पाऊस मात्र झकास रेकॉर्ड झालाय, पत्र्यावरचा आणि पन्हळीतला वेगवेगळा ओळखू येतो.

२७ ऑगस्ट, बुधवार, गणेश चतुर्थी

दीड दिवसाचा गणपती. आरती रेकॉर्ड करायची म्हणून छोटे दोन लावले आणि पहिल्या कडव्यालाच आवाज फाटला. झांजा. इंटरफेसचं गेन पार खाली आणलं तरी फाटलेलाच, म्हणजे इंटरफेसच्या आधी, कॅप्सूलमध्येच.

नंतर डोकं चाललं. ही कॅप्सूल फार हळवी आहे, ९४ डीबीलाच ६३ मिलिव्होल्ट देते. पेटीला तेच हवं असतं. पण आमचा आतेभाऊ माइकपासून दीड फुटावर झांजा बडवत होता, तिथे आतला बिचारा एफईटी किती पुरणार. कॅनवरचा ट्रेस (तांब्याची रेघ) कापून एफईटी उलट्या पद्धतीने चालवायची एक जुनी युक्ती आहे, लिंकवित्झ मॉड म्हणतात, त्याने जास्त आवाज सोसतो. पण आरती चालू असताना ट्रेस कोण कापणार.

तिसऱ्या आरतीच्या आत ड्रॉवरमधली ती दहा रुपयाची कॅप्सूल जोडून टाकली, तुलनेसाठी केलेली, उघड्या बोर्डसकट, भोवती ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून वायरला पिळा मारून. ती कमी हळवी. झांजा, टाळ्या, आतेभाऊ, सगळं सोसलं तिने. तिचा तो श्श कुणाच्या बापाला ऐकू येतोय त्या गोंगाटात. मंत्रपुष्पांजलीला आवाज जरा खाली आला तेव्हा थोडा आला, पण तोवर सगळ्यांचं लक्ष मोदकांकडे.

हिला पण बॉडी करायची. एसीचा पाइप अजून चार इंच शिल्लक आहे.

७ सप्टेंबर, रविवार

पहाटे पावणेतीन ते चार. बाबा स्वतः उठून बसले, चहा नको म्हणाले, घशात येतो. छोटे दोन वर, मोठा गाळणीवाला तोंडासमोर वीतभर तिरका, बाबांना सांगितलं त्याच्यात नका गाऊ, त्याच्या बाजूने गा, म्हणजे प आणि फ चा वारा लागणार नाही. चादरी टांगलेल्या. फ्रिज बंद.

तीन अभंग आणि एक नुसती पेटी, भैरवीची धून. एकही लोकल नाही. चार वाजता पहिली गेली तेव्हा आम्ही संपवलेलं होतं.

हिशेब पण करून टाकला. छोटे दोन, मोठा एक, मेलेली कॅप्सूल, चुकीचे ट्रान्झिस्टर, तीन पितळी गाळण्या, चहाच्या दोन (आधीची कापलेली आणि तिच्या जागी आणलेली), आयसोप्रोपिल, सगळं धरून २,८६०. प्रवास धरला नाही. प्रवास धरला तर आई जिंकते.

१३ सप्टेंबर, शनिवार

ऐकत बसले होते हेडफोनवर, भैरवी. सगळं छान आणि मधल्या सप्तकातल्या कोमल गंधारावर आवाज हेलकावे खातोय, सेकंदाला दोनदा, वाव् वाव् वाव्. पहिला संशय अर्थात माइकवर. परत झेनर? परत ओल? एक तास सर्किट तपासलं. मग डावा आणि उजवा वेगवेगळे ऐकले, दोघांतही तेच. मग मोठ्यात पण तेच. तीन माइक एकाच सुरावर एकसारखे बिघडणार नाहीत.

बाबांना ऐकवलं. डोळे मिटून एकदाच ऐकलं, म्हणाले, "खर्जाचा उतरलाय तो. मला माहितीये की. गेल्या दिवाळीपासून."

मग सांगितलं का नाही, तर म्हणे फोनवर कुठे ऐकू येत होतं.

गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर (आतल्या पितळी पट्ट्या) आहेत, जुने, चांगले. उतरलेला सूर चढवायचा तर त्याच्या टोकाशी अगदी किंचित घासतात, मुळाशी घासलं तर आणखी उतरतो, आणि बाबांनी मला कानस हातात घेताना बघितलं तर घराबाहेर काढतील. पेटी संध्याकाळी रिक्षाने दुरुस्तीला नेऊन दिली. दुरुस्तीवाले म्हणाले दसऱ्यानंतर या, सध्या नवरात्राच्या पेट्यांची रांग आहे.

माइक डब्यात. जेल निळी आहे.